ठाण्यात बसून परदेशात पैसे गुंतवायचेत? आधी परतीचा रस्ता बघा

परदेशात गुंतवणूक कशी करायची हा प्रश्न हल्ली सोसायटीच्या ग्रुपवर पण येतो, ऐरोली-घणसोलीच्या आयटीवाल्यांकडून तर जास्तच, आणि उत्तरं येतात ती सगळी "हे अ‍ॅप टाक, दोन मिनिटांत होतं" टाइपची. होतं पण दोन मिनिटांत, खोटं काही नाही त्यात. पैसे बाहेर पाठवणं आता सोपंच झालंय. डोकेदुखी असते ती परत आणताना, म्हणजे कधी मिळणार, कुठल्या रेटने, किती टॅक्स कापून, आणि उद्या आपल्याला काही झालं तर कोणाच्या हातात पडणार. त्यामुळे खाली जे सांगतोय त्यात प्रत्येक ठिकाणी हेच बघायचंय. टॅक्सचे आकडे २०२५-२६ च्या नियमांप्रमाणे आहेत, बजेटमध्ये बदलतात तेव्हा भरायच्या आधी एकदा ताजं बघून घ्या.

पहिला रस्ता म्युच्युअल फंडाचा, आणि ज्यांची महिन्याची रक्कम पाच-दहा हजार आहे त्यांनी खरं तर इथेच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. रुपयात भरायचं, रुपयात परत घ्यायचं, परदेशी खात्याची भानगड नाही, रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं शेड्यूल भरायला नको. अडचण एकच. सगळ्या फंडांना मिळून बाहेर किती पैसे नेता येतात याची ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे, एका फंड हाउसला १ अब्ज, आणि परदेशी ईटीएफसाठी (एक्स्चेंजवर शेअरसारखे विकले जाणारे फंड) वेगळी १ अब्जाची. २०२२ च्या सुरुवातीला हे भरलं आणि सेबीने नवीन पैसे थांबवायला सांगितले, तेव्हापासून या स्कीम कधी चालू कधी बंद, एसआयपी चालू केली आणि मध्येच थांबली असं होऊ शकतं. आता यातून अजून एक गोष्ट होते जी लोकांच्या लक्षात येत नाही. फंड हाउस नवीन युनिट काढू शकत नाही पण एक्स्चेंजवर घेणारे तर रांगेत असतात, मग नॅस्डॅक १०० (अमेरिकी बाजारातला शंभर मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) वगैरेंच्या ईटीएफचा बाजारातला भाव आतल्या शेअर्सच्या खऱ्या किमतीच्या वर जाऊन बसतो. घेण्याआधी फंड हाउसच्या साइटवर आयएनएव्ही, म्हणजे आतल्या शेअर्सची त्या वेळची किंमत दाखवणारा आकडा, बघा, दिवसभर अपडेट होतो. भाव त्याच्यापेक्षा आठ-दहा टक्के वर असेल तर नका घेऊ, कारण उद्या मर्यादा वाढली की तो प्रीमियम एका आठवड्यात गळून पडू शकतो आणि अमेरिकेचा बाजार जागच्या जागी असताना तुमचे पैसे कमी झालेले असतील.

दुसरा रस्ता थेट, म्हणजे एलआरएस. लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम, परदेशात पैसे पाठवायची योजना. रिझर्व्ह बँकेने २००४ च्या फेब्रुवारीत २५,००० डॉलरपासून सुरू केली, आता माणशी २,५०,००० डॉलर एका आर्थिक वर्षात. यात सगळं एकत्र मोजतात हां, मुलाची फी, युरोपची ट्रिप, भाच्याला पाठवलेलं गिफ्ट आणि शेअर्स, सगळं मिळून अडीच लाख डॉलर. नवऱ्याची मर्यादा वेगळी बायकोची वेगळी, अज्ञान मुलाची पण वेगळी (सही पालकाची), पण चौघांचे पैसे एकाच्याच नावावरच्या गुंतवणुकीत टाकता येत नाहीत, ज्याची मर्यादा वापरताय तो त्यात सहमालक पाहिजे. आणि कर्ज काढून पाठवायचे तर बँक त्यासाठी कर्ज देऊ शकत नाही, नियमच आहे तसा.

प्रत्यक्षात करायचं कसं ते सांगतो. आधी ब्रोकरचं खातं. आपल्याकडची बरीच अ‍ॅप्स ही फक्त दरवाजा आहेत, खरं खातं अमेरिकेतल्या ब्रोकरकडे उघडतं, तेव्हा अ‍ॅपच्या रंगीत स्क्रीनपेक्षा मागचा ब्रोकर कोण आहे ते शोधून काढा आणि तो एसआयपीसीचा मेंबर आहे का बघा. एसआयपीसी म्हणजे ब्रोकर बुडाला तर ५ लाख डॉलरपर्यंत संरक्षण देणारी अमेरिकेतली व्यवस्था. शेअर पडला तर ती काही देत नाही, एवढं समजून घ्या. खातं उघडताना डब्ल्यू-८ बेन नावाचा फॉर्म भरून घेतात, "मी अमेरिकेचा करदाता नाही" असं सांगणारा, तो नीट भरा कारण डिव्हिडंडवर किती कापायचं ते त्यावर ठरतं, आणि साधारण तीन वर्षांनी तो परत भरावा लागतो.

मग बँक. नेट बँकिंगमधून जमतं बऱ्याच बँकांत, नाहीतर शाखेत जायचं. पॅन लागतो, ए२ फॉर्म (परदेशात पैसे पाठवायचा अर्ज) लागतो, त्यात पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी जातायत त्याचा कोड, टाकायचा, परदेशी शेअर्ससाठी एस ०००१. चुकीचा कोड पडला की पुढे पत्रव्यवहार करत बसावं लागतं, तेव्हा काउंटरवरची व्यक्ती घाईत असली तरी फॉर्म एकदा स्वतः वाचा. त्या बँकेत तुमचं खातं वर्षभर जुनं असावं अशी अपेक्षा असते, नवीन असेल तर आधीच्या बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट मागतात. आता मुख्य गोष्ट, रेट. बँक "चार्जेस फक्त हजार रुपये" म्हणून सांगते पण खरी कमाई ती डॉलरच्या भावात करते. त्या क्षणाचा बाजारभाव मोबाइलवर उघडून ठेवा आणि बँकेचा भाव विचारा, दीड-पावणेदोन रुपयांचा फरक असेल तर घासाघीस करा, होते कमी, वाशीच्या एपीएमसीत बटाट्याचा भाव पाडता तसंच आहे ते. हा फरक तुम्ही जाताना देता आणि परत येताना पुन्हा देता. म्हणून दर महिन्याला पाच हजार पाठवण्यापेक्षा तीन-चार महिन्यांतून एकदा मोठी रक्कम पाठवलेली बरी.

टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो टॅक्स. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत काही नाही, त्याच्या वरच्या रकमेवर गुंतवणुकीसाठी २० टक्के. समजा १६ लाख पाठवले तर वरच्या ६ लाखांवर १ लाख २० हजार बँक कापून घेणार. हा जास्तीचा टॅक्स नाहीये, तुमच्याच नावावर सरकारकडे जमा होतो, रिटर्नमध्ये वळता होतो किंवा रिफंड मिळतो. पण तोपर्यंत पैसे अडकतात ना. नोकरीवाले असाल तर ऑक्टोबर २०२४ पासून एक सोय झालीय, हा टीसीएस कंपनीला कळवायचा, ती पगारातला टीडीएस तेवढा कमी कापते. एचआरला हे माहीत नसेल तर पेरोलवाल्याला विचारा. आणि सरळ उपाय म्हणजे मार्चमध्ये थोडे, एप्रिलमध्ये थोडे पाठवा, वर्ष बदललं की १० लाखांची मोजणी नव्याने सुरू.

अजून दोन नियम पटकन. ब्रोकरच्या खात्यात पैसे नुसते पडू द्यायचे नाहीत, १८० दिवसांत गुंतवा नाहीतर परत आणा, हे ऑगस्ट २०२२ पासून आहे. आणि परदेशी बाजारात मार्जिन, फ्युचर्स-ऑप्शन्स, फॉरेक्स ट्रेडिंग यासाठी एलआरएसचे पैसे वापरता येत नाहीत. अ‍ॅपमध्ये बटण दिसतंय म्हणून ते चालतं असं नसतं.

गिफ्ट सिटी हा तिसरा रस्ता, गांधीनगरचा. तिथल्या एनएसईच्या आंतरराष्ट्रीय एक्स्चेंजवर मार्च २०२२ पासून काही अमेरिकन शेअर्सच्या पावत्या (शेअरऐवजी त्याच्यावर आधारलेला, घेता-विकता येणारा कागद) मिळायला लागल्या, आणि तिथून चालणारे फंडही आहेत. पैसे जातात एलआरएसमधूनच, टीसीएसही तोच. मला सध्या तरी छोट्या माणसाला यात फार फायदा दिसत नाही, पुढे.

टॅक्स. शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला तर नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी विकला तर तुमच्या स्लॅबने. अमेरिका आपल्याकडून शेअरच्या नफ्यावर काही घेत नाही, पण डिव्हिडंडवर २५ टक्के तिथेच कापते. १०० डॉलर डिव्हिडंड आला तर हातात ७५, इथे मात्र उत्पन्न १०० च दाखवायचं, तुमचा ३० टक्क्यांचा स्लॅब असेल तर सेस सोडून ३० होतात, त्यातले २५ वजा मिळतात, राहिले ५ भरायचे. हे २५ वजा मिळायला फॉर्म ६७ भरावा लागतो, तो राहिला की क्रेडिटची भांडणं सुरू.

आणि जे कुठलंच अ‍ॅप तुम्हाला पहिल्या स्क्रीनवर सांगत नाही ते म्हणजे अमेरिकेचा वारसा कर. परदेशी माणूस गेला आणि त्याच्या नावावर अमेरिकेतली ६०,००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असेल, त्यात अमेरिकन कंपन्यांचे शेअर्स आले, अमेरिकन ईटीएफ आले, तर वरच्या रकमेवर ४० टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. तुम्ही कळव्यात राहता आणि आयुष्यात एकदाही न्यूयॉर्क बघितलं नसेल तरी. भारत-अमेरिकेत या कराबद्दल करार नाही. म्हणून साधारण पन्नास लाख रुपयांच्या पुढे जायचा विचार असेल तर आयर्लंडमध्ये नोंदवलेले यूसिट्स (युरोपच्या नियमांखालचे) ईटीएफ बघा, तोच एस अँड पी ५०० (अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) घेतात पण मालमत्ता आयर्लंडची धरली जाते. त्यासाठी लंडनचा बाजार उघडून देणारा ब्रोकर लागतो, सगळे देत नाहीत.

आता देश कुठला निवडायचा. इथे मी लोकांना सरकारं काय करतात ते बघायला सांगतो, कारण सरकारं पण परदेशात गुंतवतात आणि त्यांचे पैसे कसे अडकतात ते पेपरमध्ये छापून येतं. लांब कशाला, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरचा आपला विवियाना मॉल घ्या. त्यात सिंगापूर सरकारच्या जीआयसीचे पैसे होते, आणि मग अबू धाबी सरकारच्या एडिआचं पाठबळ असलेल्या लेक शोरने तो घेतला, दारावरचा नावाचा बोर्ड पण बदलला. आपण तिथे पार्किंगला पैसे भरत होतो आणि त्यातला वाटा सिंगापूरच्या सरकारी तिजोरीकडे जात होता. पण बघा, त्यांना बाहेर पडायचं तेव्हा घेणारा मिळाला आणि पैसे देशाबाहेर नेता आले. गुंतवणूक म्हणायची तर याला. नॉर्वेचं सरकार तर तेलाचा पैसा सगळाच्या सगळा देशाबाहेर गुंतवतं, जगातल्या लिस्टेड शेअर्सपैकी साधारण दीड टक्का त्या एका फंडाकडे आहे, आणि कुठल्या देशात कुठली कंपनी किती हे सगळं त्यांच्या साइटवर फुकट दिसतं. सल्लागाराला फी देण्याआधी तासभर ती यादी चाळा.

आपल्या सरकारचं वेगळं आहे. रिझर्व्ह बँक परकीय गंगाजळी परदेशी सरकारी रोख्यांत, सोन्यात ठेवते. बाकी गुंतवणूक सरकारी कंपन्यांतून होते आणि ती नफ्यापेक्षा गरजेपोटी जास्त. ओएनजीसी विदेशने २००९ मध्ये इम्पिरियल एनर्जी ही रशियात तेल काढणारी कंपनी सुमारे २.१ अब्ज डॉलरला घेतली, ठरवलेलं तेल काही निघालं नाही, कॅगने ठपका ठेवला. रशियातल्याच वानकोर वगैरे प्रकल्पांत आपल्या तेल कंपन्यांचे हिस्से आहेत, तिथे तेल निघतं, नफा होतो, डिव्हिडंड जाहीर होतो, पण २०२२ च्या युद्धानंतर तो रशियातल्या बँकांमध्येच अडकून पडला, बाहेर काढता येईना. मोझांबिकमधल्या गॅस प्रकल्पात भारतीय सरकारी कंपन्यांचा मिळून ३० टक्के हिस्सा, २०२१ मध्ये शेजारच्या पाल्मा गावावर हल्ला झाला आणि काम काही वर्षं ठप्प. आणि चाबहार तर आपल्या घरचंच प्रकरण, कारण इराणमधलं ते बंदर चालवणारी इंडिया पोर्ट्स ग्लोबल ही कंपनी २०१५ मध्ये उरणच्या जेएनपीटीने कांडला पोर्टला बरोबर घेऊन काढली होती. मे २०२४ मध्ये दहा वर्षांचा करार झाला, १२ कोटी डॉलर गुंतवायचं ठरलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने निर्बंधांतली सूट काढून घेतली, मग सहा महिन्यांची मुदत दिली. म्हणजे पैसे आपले, बंदर इराणचं आणि चावी वॉशिंग्टनला.

सरकार हे सोसू शकतं. त्याला पाकिस्तान टाळून अफगाणिस्तानला जायचा रस्ता हवाय, अर्जेंटिनातलं लिथियम हवंय (काबिल नावाच्या सरकारी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये कातामार्का प्रांतात पाच ब्लॉकचा करार केलाय), ते वीस वर्षं थांबेल. तुमच्या मुलीची फी तीन वर्षांनी भरायचीय. म्हणून "भारत सरकार तिकडे गुंतवतंय म्हणजे देश चांगला असणार" हा हिशोब तुमच्या पैशाला लावू नका. देश बघताना इतकंच तपासा: त्या देशाचा भारताशी दुहेरी कर टाळायचा करार आहे का, त्याचं चलन मोकळेपणाने बदलता येतं का, आणि मागच्या संकटात परदेशी लोकांना शेअर विकू दिले का. रशियाने २०२२ मध्ये नाही दिले, बाजार बंद केला आणि उघडल्यावरही परदेशी लोकांना विकायला बंदी.

वाशी आणि ठाण्याच्या हॉटेलांमध्ये शनिवार-रविवारी दुबईच्या फ्लॅटचे एक्स्पो लागतात, चहा-समोसा फुकट, "एक टक्का महिना भरा" असं बॅनर. दुबईत घर घेणं कायदेशीर आहे, एलआरएसमधून पैसे पाठवता येतात, कुटुंबातले दोघं-तिघं सहमालक होऊन आपापली मर्यादा वापरू शकतात. पण बुकिंगचे पैसे तिथेच क्रेडिट कार्ड घासून देऊ नका, गुंतवणुकीची रक्कम बँकेतूनच गेली पाहिजे, नाहीतर फेमाची (परकीय चलन कायद्याची) नोटीस येऊ शकते. हप्त्यांचे पैसे पुढची तीन-चार वर्षं दर वर्षी मर्यादेत बसणार का आणि प्रत्येक वेळी टीसीएस किती जाणार ते कागदावर मांडा. "दुबईत भाड्यावर टॅक्स नाही" हे तिथलं खरं, तुम्ही भारतात राहता म्हणून ते भाडं इथे करपात्र आहे. आणि सेल्सवाल्याला एकच विचारा, याच बिल्डरच्या जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट विकायला किती महिने लागतात. उत्तर देताना तो ब्रोशर चाळायला लागला तर समोसा खाऊन निघा.

आता रिटर्न. तुम्ही एक रुपया बाहेर पाठवला नसेल पण कंपनीने परदेशी पेरेंट कंपनीचे आरएसयू किंवा ईएसपीपी (नोकरीत मिळालेले किंवा सवलतीत घेतलेले शेअर्स) दिले असतील तरी ती परदेशी मालमत्ता आहे. ऐरोली, महापे, वागळे इस्टेटमधले कितीतरी लोक वर्षानुवर्षं आयटीआर-१ भरतात आणि हे दाखवतच नाहीत. आयटीआर-२ किंवा ३ भरायचा, त्यात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचं शेड्यूल. त्याची गंमत अशी की आर्थिक वर्ष नाही तर कॅलेंडर वर्ष धरतात, म्हणजे एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ च्या रिटर्नमध्ये जानेवारी ते डिसेंबर २०२४ ची मालमत्ता. फेब्रुवारी २०२५ मध्ये घेतलेला शेअर पुढच्या रिटर्नमध्ये. घेतानाची किंमत, वर्षातली सर्वात जास्त किंमत, ३१ डिसेंबरची किंमत, आलेला डिव्हिडंड, विकून आलेले पैसे, सगळं. मधल्या काळात विकून टाकला असेल तरी दाखवायचा. न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे, ऑक्टोबर २०२४ पासून घर-जमीन सोडून बाकी मिळून २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही, पण दाखवायचं तर आहेच. आणि आयकर खात्याला माहिती तिकडून आपोआप येते, तेव्हा "कोणाला कळतंय" हा विषय संपलेला आहे.

टेलिग्रामवर "डॉलरमध्ये कमवा" म्हणणाऱ्या फॉरेक्स अ‍ॅप्सबद्दल फार लिहीत नाही. रिझर्व्ह बँकेच्या साइटवर अलर्ट लिस्ट आहे, नाव शोधा. आणि नाव यादीत नाही म्हणजे ते अधिकृत असंही नाही, हे बँकेनेच म्हटलंय.

ज्यांचा धंदा आहे, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातला कारखाना किंवा एपीएमसीतला ड्रायफ्रूटचा व्यापार, आणि दुबई-सिंगापूरला कंपनी काढायचीय, त्यांचा मामला वेगळा. अनलिस्टेड परदेशी कंपनीत एक शेअर घेतला तरी ती ओडीआय, थेट गुंतवणूक. तिथे एजंट "तीन दिवसांत लायसन्स" देतो आणि लोक ते आधी घेऊन बसतात, इथल्या बँकेत नंतर जातात. उलटं करा. आधी बँक, फॉर्म एफसी, त्यावर यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख नंबर, मिळतो, मग पैसे. शेअर सर्टिफिकेट सहा महिन्यांत बँकेला द्यायचं, आणि दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक कामगिरीचा रिपोर्ट, उशीर झाला की लेट फी. भारतीय कंपनीमार्फत गेलात तर नेटवर्थच्या ४०० टक्क्यांपर्यंत मोकळीक आहे, स्वतःच्या नावाने गेलात तर एलआरएसचीच मर्यादा. सीए असा बघा ज्याने हे रिपोर्ट आधी भरलेत, नुसता जीएसटी करणारा नको, कितीही जवळचा असला तरी.

आणि घरात एक साधी वही किंवा शीट ठेवा: ब्रोकरचं नाव, खाते नंबर, कुठल्या बँकेतून पैसे गेले, प्रत्येक ए२ ची कॉपी, दर डिसेंबरचं स्टेटमेंट. खातं उघडताना नॉमिनीची सोय कशी आहे ते ब्रोकरला लेखी विचारा, कारण तिकडे आपल्या डिमॅटसारखं आपोआप होत नाही, मृत्युपत्र आणि तिथल्या कर खात्याची कागदपत्रं मागू शकतात. बायकोला किंवा नवऱ्याला एकदा शेजारी बसवून लॉगिन कुठे आहे, शेअर विकतात कसे आणि पैसे ठाण्याच्या बँकेत परत मागवायचं बटण कुठलं, ते करून दाखवा, शंभर डॉलर खरंच परत मागवून.